जूनमध्ये मासा धरत नाहीत

मोटेलचं बुकिंग नॉन-रिफंडेबल होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पहिल्याच संध्याकाळी आम्ही गाडी फिरवून घरी आलो नाही, याचं खरं कारण एवढंच आहे. पुढे जे झालं त्याचं श्रेय मला घेता येणार नाही.

तर झालं असं. माझे बाबा फेब्रुवारीत आमच्याकडे अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीला आले. वय त्र्याहत्तर, उभा जन्म हर्णैला स्वतःची होडी चालवण्यात गेलेला. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. मी एकुलती एक, आणि ते तिकडे एकटे. एकटे म्हणजे शेजार आहे, भावकी आहे, पण ताप आला तर पेज करून घालणारं कुणी नाही. मी ठरवूनच टाकलं होतं की आता त्यांना परत जाऊ द्यायचं नाही. ग्रीन कार्डचा फॉर्म मी दोन वीकेंड बसून भरला, फोटो काढून घेतले, कागद जोडले. राहिली होती फक्त त्यांची सही. जुलैअखेरचं त्यांचं परतीचं तिकीट मी सही झाली की कॅन्सल करणार होते.

सही काही होईना. "बघू गो," म्हणायचे. आमच्याकडे 'बघू' म्हणजे 'नाही', हे मला कळायला हवं होतं. पण वीस वर्षं इथे राहून मी त्याचा अर्थ 'बघू' असाच लावला.

थंडीभर ते खिडकीत बसून बर्फ ओढणाऱ्या गाड्या बघत राहिले. माझा नवरा नीलेश नागपूरचा, त्याच्या दृष्टीने मासा म्हणजे काट्यांची पुडी. तरी बिचारा दर शनिवारी सासऱ्यांना सुपरमार्केटच्या फिश काउंटरपर्यंत घेऊन जायचा. बाबा काचेआडच्या माशांचे डोळे बघायचे आणि रिकाम्या हाताने परत यायचे. "हा मेला तेव्हा मी विमानात पण बसलो नव्हतो," एकदा म्हणाले. त्यांचं सगळ्या दिवसातलं बोलणं तेवढंच.

मग ऑफिसमधल्या एकाने मला स्ट्राइप्ड बासबद्दल सांगितलं. इथे सगळे त्याला स्ट्रायपर म्हणतात. चंदेरी मासा, अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळ्या रेघा. हिवाळा दक्षिणेकडे काढतो, वसंतात मोठ्या नद्यांच्या गोड्या पाण्यात शिरून अंडी घालतो आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला निघतो. न्यू जर्सी, लाँग आयलंड करत जूनच्या सुरुवातीला आमच्या बाजूच्या केप कॉड भूशिराच्या कॅनॉलमध्ये येतो, पार उत्तरेच्या मेन राज्यापर्यंत जातो आणि थंडी पडायला लागली की परत खाली. त्याच्या मागे मागे गळ घेऊन माणसंही सरकत राहतात. कुठे पोचला, कुठे लागला, दिवसभर एकमेकांना फोन.

मला वाटलं, जमलं! बाबांच्या हातात रॉड देऊ, मासा लागेल, चेहरा फुलेल, म्हणतील इथेही दर्या आहे की. तेवढ्यात मी फॉर्म पुढे करीन. फॉर्म मी गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवला. पेनसुद्धा ठेवलं. काय हुशार मुलगी!

शुक्रवार

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: श्रूजबरीहून कॅनॉल दीड तास. आधी हायवे नाइंटी ईस्ट, मग फोर नाइंटी फाइव्ह साउथ, ती संपते तिथे ट्वेंटी फाइव्ह. शुक्रवारी दुपारी एकच्या आत घर सोडा, नाहीतर अख्खं बॉस्टन तुमच्या पुढे केपला चाललेलं असतं आणि पुलावर तास जातो. आम्ही बाराला निघालो. डब्यात पोळ्या, बटाट्याची भाजी आणि सुकटीची चटणी. चटणीपायी फोर नाइंटी फाइव्हवर गाडीच्या चारही काचा खाली होत्या.

समुद्रात मासे धरायला परमिट लागतं. ऑनलाइन दहा डॉलरमध्ये मिळतं, साठीच्या पुढच्यांना फुकट, पण काढावं लागतंच. मी दोघांचीही काढली होती. रॉड घ्यायला कॅनॉलजवळच्या एका टॅकल शॉपमध्ये, म्हणजे गळ-दोऱ्यांच्या दुकानात शिरलो. काउंटरवर पांढऱ्या वेणीची एक बाई होती. तिने रॉड काढून दिला, आमिष लावायचे गोल वळणाचे गळ दिले आणि एक लांब स्टिकर दिला, मासा मोजायचा. मग नियम सांगितला. अठ्ठावीस इंचांपेक्षा लहान असेल तर सोडायचा. एकतीस किंवा त्याहून मोठा असेल तर तोही सोडायचा. मधल्या मापाचा मिळाला तर माणशी दिवसाला एक.

मी बाबांना सांगितलं. बाबांनी रॉड हातात घेऊन वाकवून बघितला होता. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या हाताला काहीतरी ओळखीचं लागत होतं, मला दिसत होतं ते.

"धाकटा सोडायचा ते कळलं," ते म्हणाले. "थोरला का?"

मी विचारलं. बाई म्हणाली, मोठे मासे बहुतेक माद्या असतात. जितकी मोठी मादी तितकी अंडी जास्त.

हेही मी सांगितलं. बाबांनी रॉड हळूच स्टँडला परत लावून ठेवला.

"आज काय तारीख?"

"जूनचा पहिला शुक्रवार. का?"

"मग बंदी लागली ना गो."

कोळ्याची मुलगी मी, आणि हे मला सुचलं नव्हतं! ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते: जून-जुलैत आमच्याकडे बोटी समुद्रात जात नाहीत. सरकारी बंदी असते, पण सरकारच्या आधीपासून आमची असते. होड्या वर ओढून शाकारून ठेवतात, जाळी दुरुस्तीला काढतात. माशांच्या पोटात अंडी असतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय कुणी पाण्यात उतरत नाही. लहानपणी मला वारांची नावं नीट येत नव्हती तेव्हा हे माहीत होतं. आणि मी बुकिंग करताना काय बघितलं? भरती-ओहोटी, हॉटेलचे रेट आणि माझ्या ऑफिसातल्या सॉफ्टवेअर रिलीजच्या तारखा.

"बाबा, ही बंदी आपल्याकडची. इथे नाही. इथे आत्ताच तर सीझन असतो."

"तुमचा असंल," ते म्हणाले आणि बाहेर गाडीपाशी जाऊन उभे राहिले.

रॉड मी तरी विकत घेतला. माझा स्वभाव. मोटेल एका रात्रीचं एकशे नव्वद डॉलर, खोली स्वच्छ, गालिच्याला ओलसर वास. संध्याकाळी पुलाखालच्या एका शॅकमध्ये क्लॅम चावडर मागवलं. बाबांनी एक चमचा तोंडात घेतला. "दुधात शिंपल्या?" म्हणाले. "ह्यांना घरात कुणी म्हातारं माणूस नव्हतं काय सांगायला?" आणि उरलेली पोळी चटणीबरोबर खाल्ली. मी चावडर संपवलं, रागारागाने.

शनिवार

पहाटे सव्वाचारला निघालो. म्हणजे मी निघाले, आणि बाबा म्हणाले, "पाणी बघायला येतो."

कॅनॉल म्हणजे दोन समुद्रांना जोडणारा कापलेला पाट, सात मैलांचा. पाणी सहा तास एकीकडे धावतं, मग थांबतं आणि उलट फिरतं. दोन्ही काठांना मोठमोठे दगड, वरून सायकलींचा डांबरी रस्ता, आणि रस्त्याला दिव्यांचे नंबर घातलेले खांब. मच्छीमार जागा खांबाच्या नंबरावरून सांगतात. नंबर मी इथे लिहिणार नाही, लिहिला तर ती माणसं मला शोधत येतील. पार्किंग फुकट, पण पहाटे साडेचारनंतर मिळत नाही. बुटांना खाली खिळे असलेले तळवे लावा. दगडांवर हिरवं शेवाळ असतं आणि पाण्याला ओढ अशी की पडलात तर संपलात.

उजाडायच्या आधी तिथे शंभरेक माणसं असतील, पण आवाज नव्हता. सायकलींना मागे क्रेट बांधलेले, त्यात रॉड उभे. कुणी कुणाच्या अंगावर जात नव्हतं, दोघांत ठरावीक अंतर. पहिला उजेड पडला आणि पाणी फिरलं तसे सगळ्यांनी एकदमच गळ टाकायला सुरुवात केली.

आमच्या शेजारी एक म्हातारा होता. वॉल्टर. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, आयुष्यभर स्कूल बस चालवलेला, एक गुडघा नवा बसवलेला. मला गळ टाकताना बघून त्याने दोन मिनिटं कळ काढली, मग येऊन माझा हात धरून शिकवलं. बाबा मागे दगडावर बसले होते, हात मांडीखाली दाबून. हात मोकळे राहिले तर काहीतरी धरतील, अशी भीती असल्यासारखे.

तासाभराने ते पहिल्यांदा बोलले. "ह्याला सांग, इकडं नको टाकू. त्या पांढऱ्या बोयाच्या अलीकडं टाक. बारकी मासळी तिकडं वळली."

मला पाण्यात काही दिसत नव्हतं. मी वॉल्टरला सांगितलं. त्याने बाबांकडे बघितलं, मान हलवली आणि त्या तरंगत्या बोयाच्या अलीकडे गळ टाकला. तिसऱ्या फेकीला रॉड वाकला.

मासा वर आला तेव्हा मी खरंच ओरडले. इतका देखणा मासा! ओल्या अंगावर रेघा आखून काढल्यासारख्या सरळ. वॉल्टरने टेप लावला, तीस इंच. ठेवता आला असता. त्याने गळ काढला आणि सोडून दिला.

"ठेवला का नाही?" मी विचारलं.

वॉल्टर म्हणाला, तरुणपणी त्याने पुष्कळ ठेवले. ट्रकचा मागचा भाग भरून मोठमोठ्या माद्या नेऊन विकल्या, सगळेच विकत होते. मग एक काळ असा आला की मासा दिसेनाच. काही राज्यांनी पूर्ण बंदी घातली. कित्येक वर्षांनी परत दिसायला लागला, आणि आता पुन्हा पिल्लं कमी झालीत म्हणतात. "आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही," तो म्हणाला. "सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नाही."

मी बाबांना सांगितलं. बाबांनी वॉल्टरकडे बराच वेळ बघितलं आणि मला म्हणाले, "चल, भूक लागली."

गाडीत माझा तोल सुटला. "चार महिने तुम्ही खिडकीत बसून आहात! एवढं सगळं केलं ते कुणासाठी? एकदा, एकदा फक्त रॉड हातात धरला असता तर काय आभाळ कोसळलं असतं? सोडूनच द्यायचाय ना तो मासा?"

"अंड्याची मासळी दमवायची पण न्हाय."

"अंडी घालून आलीयत ती बाबा! दक्षिणेत घालून आलीयत, आता नुसती खायला आलीयत इकडे. मी वाचलंय सगळं."

मी ग्लव्ह बॉक्स उघडला, फॉर्म काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. चांगली वेळ निवडली! पण पोटातलं बाहेर आलंच. "मला तुम्ही इथे हवे आहात. तिथे रात्री काही झालं तर मला सकाळी कळणार. आईच्या वेळी काय झालं? मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. मला पुन्हा तसं विमानात बसायचं नाही."

बाबांनी फॉर्मवरून हात फिरवला, इंग्रजी वाचता येत नसूनही. "एवढे कागद भरलेस," म्हणाले. मग घडी न मोडता परत आत ठेवून दिला.

कॅनॉलच्या काठी हेरिंग रन नावाची जागा आहे, जाणार असाल तर चुकवू नका. तिथे एका ओढ्यात दगडी पायऱ्या केल्यात. समुद्रातून हेरिंग मासे त्या पायऱ्या चढून वरच्या तळ्यात अंडी घालायला जातात. खरा मोसम एप्रिल-मे, आम्ही गेलो तेव्हा उशिरा आलेले पाच-सहाच होते. बाक आहेत, टॉयलेट आहे, पैसे लागत नाहीत. आम्ही तिथे बाकावर बसून मोटेलच्या नाश्त्यातली आणलेली केळी खाल्ली. एक हेरिंग एकाच पायरीवर पुन्हा पुन्हा उडी मारत होती आणि पाणी तिला खाली ढकलत होतं.

तिच्याकडे बघतच बाबांनी सांगायला सुरुवात केली.

"तू सातवीत होतीस. जूनचाच महिना. पावसानं चार दिवस उघडीप दिली होती. मी आणि आपल्या होडीवरचा सदू, लहान होडी घेऊन खाडीच्या तोंडाला नुसते गेलो. जाळं नेलं होतं, खोटं कशाला बोलू. तिथं वल्हं पाण्यात धरलं आणि दांडीला कान लावला."

हे मी लहानपणी बघितलंय. घोळ मासा थव्याने जमला की पाण्याखाली घुमतो. वल्ह्याच्या दांडीला कान लावला की ते घुमणं हाडात शिरतं. बाबांएवढं ते कुणालाच ऐकू यायचं नाही, अख्ख्या हर्णैला माहीत होतं.

"असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. खालून देवळातला नगारा वाजावा तसा. आणि कशाला घुमतात ते मला माहीत होतं. अंडी सोडायला जमतात तेव्हाच घुमतात. तरी जाळं टाकलं."

"पैशांची अडचण होती का?" मी विचारलं. मनात आलं, माझ्या फीसाठी, माझ्या कशासाठी तरी. तसं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"न्हाय. कसली अडचण? ऐकू आला म्हणून टाकलं. मला ऐकू येतो, दुसऱ्याला येत न्हाय, ह्याचा माज." बाबा थांबले. "होडी बुडायला आली एवढी घोळ. तुझ्या आईनं एक चिरली. हातभर गाबोळी, अंड्यांनी गच्च. तिनं विळी तशीच आडवी केली आणि म्हणाली, हे मी पोरीला घालणार न्हाय. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

"मग?"

"दुसऱ्या वर्षी बंदी उठल्यावर गेलो, वल्ह्याला कान लावला. नुसतं पाणी वाजत होतं. त्याच्या पुढल्या वर्षी पण. आजपर्यंत न्हाय ऐकला गो."

मी इंजिनिअर आहे. मी लगेच सांगायला लागले की एका होडीने काही होत नाही, मोठे ट्रॉलर आहेत, बारीक आसाची, छोट्या भोकांची जाळी आहेत, पाणी तापतंय, किती कारणं आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ते सगळं खरं," म्हणाले. "पण तेवढी घोळ माझ्या हातची."

मग मला आमचे दोन नारळ आठवले. नारळी पौर्णिमेला प्रत्येक घरचा एक नारळ असतो, सोनेरी कागद लावलेला. आमच्या घरचे दोन असायचे. मी विचारलं की आई म्हणायची, एक आपला आणि एक बाबांचा. मला वाटायचं बाबांचे लाड. दुसरा नारळ बाबा सगळ्यांच्या नंतर, एकटेच जेट्टीच्या टोकाला जाऊन सोडायचे. "बाबा, तो दुसरा नारळ ह्या घोळीसाठी?" मी विचारलं.

"त्याच्यासाठी जायला लागतं," बाबा म्हणाले. "तुझ्याकडं राहायला मला काय वाईट हाय? पण मी इथं राहिलो तर तो नारळ कोण देणार? सदू पण गेला."

मला रडायला आलं. इतके दिवस मला वाटत होतं की त्यांना माझ्यापेक्षा ते गाव प्यारं आहे. ती हेरिंग तोवर पायरी चढून गेली होती की खाली वाहून गेली, मी बघितलंच नाही.

रविवार

शेवटची सकाळ. मी म्हटलं, बाबा, आज झोपू या, उगाच कशाला. तर हेच चार वाजता आंघोळ करून तयार. "वॉल्टर वाट बघत असंल."

धुकं होतं. वॉल्टरने थर्मासमधली कॉफी बाबांना ओतून दिली. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नाही. पण बाबांनी बोटाने पाण्यात जागा दाखवायची आणि वॉल्टरने तिथे टाकायचं, असं अर्धा तास चाललं होतं. माझी कुणाला गरज नव्हती.

सहाच्या सुमाराला वॉल्टरचा रॉड वाकला तो वाकलेलाच राहिला. रीळ किंचाळत होतं. आजूबाजूच्या लोकांनी न सांगता आपापले गळ वर काढून घेतले, इथली रीत आहे तशी. मासा ओढीबरोबर खाली पळत सुटला, वॉल्टर काठाने त्याच्यामागे लंगडत, आम्ही वॉल्टरच्या मागे. वीस मिनिटं तरी चाललं असेल. शेवटी मासा काठाला आला. माझ्या कमरेपेक्षा उंच भरला असता. पोट भलंमोठं, डोळा रुपयाएवढा. मादी होती, हे मलासुद्धा कळलं.

पण ती दमली होती. दोन दगडांच्या खाचेत कुशीवर पडली, लाट आली की नुसती हलायची. वॉल्टरने खाली उतरायला पाय टाकला आणि त्याचा नवा गुडघा वळेना. त्याने इकडेतिकडे बघितलं. "तिला पाणी दाखवायला हवं," तो म्हणाला. "लवकर."

मी भाषांतर करायच्या आत बाबांच्या चपला वर होत्या आणि बाबा खाली. अनवाणी, शेवाळावरून, त्र्याहत्तराव्या वर्षी. "बाबा!" मी किंचाळले. ते कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले, पाठ दगडाला टेकवून. तिच्या तोंडात अंगठा घालून जबडा धरला, दुसरा हात पोटाखाली. गळ काढून वर फेकला.

वॉल्टर वरून मला सांगत होता आणि मी ओरडून बाबांना. तोंड प्रवाहाकडे करा. ढकलू नका. फेकू तर अजिबात नका. नुसती धरून ठेवा, कल्ल्यांतून पाणी जाऊ दे. कधी सोडायची ते तीच सांगेल, तुमचा अंगठा चावेल.

बाबांनी धरून ठेवली. किती वेळ, मला सांगता येणार नाही. पाणी थंडगार असणार, त्यांचे ओठ काळे पडायला लागले होते. मी दोनदा म्हटलं, सोडा आता. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. ओठ हलत होते, तिच्याशी काहीतरी बोलत होते. काठावर पंधरावीस माणसं जमली होती, पण कुणी फोन काढला नाही.

मग शेपटी हलली. एकदा, पुन्हा एकदा. बाबा "आई गं!" म्हणाले, म्हणजे चावली. त्यांनी अंगठा सोडवला आणि हात उघडे केले. ती लगेच गेली नाही, क्षणभर त्यांच्या हातांवरच राहिली.

"जा गो पोरी," बाबा म्हणाले. "जा."

हे शब्द मला ओळखीचे होते. वीस वर्षांपूर्वी मुंबईच्या विमानतळावर, ट्रॉली धरून मी रडत उभी होते, तेव्हा तेच आणि तसेच म्हणाले होते. आई आणखी थांब म्हणत होती. बाबांनी माझ्या ट्रॉलीवरचा आपला हात काढून घेतला होता.

तिने एकच फटका मारला, बाबांच्या तोंडावर पाणी उडालं आणि ती खाली काळ्या पाण्यात गेली. दोघा अनोळखी माणसांनी उतरून बाबांना वर घेतलं. वॉल्टरने आपलं जाड जॅकेट त्यांच्या खांद्यावर टाकलं आणि त्यांचा अंगठा हातात घेऊन बघितला. स्ट्रायपरचे दात कानशीसारखे असतात, अंगठ्याची साल निघून रक्त आलं होतं. वॉल्टरने आपला अंगठा शेजारी धरून दाखवला, तसाच खरवडलेला. दोघे म्हातारे एकमेकांचे अंगठे बघत हसत होते. मी हीटर लावायला गाडीकडे पळाले, कारण तिथे थांबले असते तर मोठ्याने रडले असते.

परतीच्या वाटेवर बाबा फोर नाइंटी फाइव्ह लागायच्या आत झोपले. ग्लव्ह बॉक्स मी उघडला नाही.

घरी

हिशोबी वाचकांसाठी: दोन रात्री, पेट्रोल, खाणं आणि एक न वापरल्यासारखा रॉड धरून साडेसहाशे डॉलरच्या आत झालं. लॉब्स्टर रोल खाल्ला नाही, बाबांनी किंमत विचारली म्हणून. जायचं तर शनिवार-रविवार टाळा, आठवड्यातला दिवस घ्या. भरतीचं वेळापत्रक आधी बघा. आणि बरोबर घरचं म्हातारं माणूस न्यायचं असेल तर त्याचं कॅलेंडरही बघा.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मी बाबांना लोगन विमानतळावर सोडलं. तिकीट कॅन्सल केलं नाही. माझी पंधरा वर्षांची मुलगी ईरा त्यांच्या गळ्यात पडून म्हणाली, "आजोबा, यू बेटर कम बॅक." ते म्हणाले, "यस यस." मी व्हीलचेअरवाल्याला सूचना दिल्या, गोळ्या दाखवल्या, पुन्हा दाखवल्या, स्वेटरची बटणं लावली. सिक्युरिटीच्या रांगेपाशी माझा हात त्यांच्या बाहीवर होता तो निघेना. अंगठ्यावरची नवी साल अजून गुलाबी होती, त्या अंगठ्याने ते माझ्या मनगटावर हळूहळू थोपटत राहिले, मी तयार होईपर्यंत. मग मीच हात काढला आणि म्हटलं, "जा बाबा."

फॉर्म परत ड्रॉवरमध्ये आहे. फाडलेला नाही. रॉड गराजमध्ये, नीलेशच्या स्नो ब्लोअरच्या मागे. आईच्या वेळी मी पोचले नाही ते दुःख आहे तिथेच आहे, आणि कधी रात्री हर्णैहून फोन आला की मी अजून अंधारात धडपडत फोन शोधते. त्यावर मला कुणी उपाय सांगू नका.

परवा नारळी पौर्णिमा झाली. बाबांनी जेट्टीवरून व्हिडिओ कॉल लावला. मागे ढोल, झेंडे लावलेल्या बोटी, सगळ्यांच्या टोप्या. त्यांनी सोनेरी कागदातला नारळ मला दाखवला, पाण्याकडे वळून हात जोडले आणि सोडला. मग फोन पुन्हा तोंडासमोर धरला आणि निघाले घराकडे चालायला.

"बाबा, थांबा," मी म्हटलं. "दुसरा राहिला ना."

"दुसरा?" ते चालतच म्हणाले. "दुसरा तिकडंच सोडला ना गो आपण."